कातडीच्या आत डोकावताना

आपल्या मराठवाड्यात अंगावर पांढरा डाग दिसला की माणसे दोन पावले मागे सरतात. कोड आणि कुष्ठरोग यांतला फरक शिकल्यासवरल्यांनाही नीट ठाऊक नसतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकावर लिहायला घेतले ते याचसाठी.

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कातडी पाहायची तर तिचा तुकडा काढावा लागतो, त्याचे पातळ काप करून रंगवावे लागतात. जिवंत कातडी तशीच भिंगाखाली धरली, तर सगळ्या थरांचा उजेड एकदम डोळ्यांत येतो आणि चित्र गढूळ होते. १९५७ साली मार्विन मिन्स्की या अमेरिकन शास्त्रज्ञाने यावर युक्ती काढली. प्रकाश एका बिंदूवर एकवटायचा आणि परतणारा उजेड टाचणीच्या छिद्राएवढ्या भोकातून घ्यायचा. त्या बिंदूचा उजेड पार होतो, इतर थरांचा अडतो. असे बिंदू टिपत गेले की एकाच पातळीचे स्वच्छ चित्र मिळते.

१९९५ मध्ये मिलिंद राजाध्यक्ष व त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी लेसरच्या साहाय्याने जिवंत माणसाची कातडी अशी पाहिली. (आडनाव वाचून मला आनंद झाला, हे लपवत नाही.) ज्या मेलॅनिनमुळे आपण सावळे दिसतो, तेच या चित्रात सर्वांत लख्ख उजळते! त्याचा वक्रीभवनांक भोवतालच्या द्रव्याहून जास्त असल्याने ते प्रकाश जोराने परतवते. काळ्या रंगाला नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पेशीच्या केंद्रकावर हे मेलॅनिन टोपीसारखे बसते. लातूरच्या उन्हात शेतकरी डोक्याला पटका बांधतो, तसेच.

सावळ्या, निरोगी कातडीत बाह्यत्वचेच्या तळाशी उजळ कड्यांची नक्षी दिसते. कोडाच्या डागात ती कडी विझलेली असतात, कारण रंग बनवणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात. तिथे जंतू नसतो. कुष्ठरोगाला जंतू असतो. तो हान्सेन यांनी १८७३ साली शोधला आणि आज तो रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. कुष्ठरोगाच्या डागावर बहुधा स्पर्श कळत नाही, कोडाच्या डागावर कळतो.

माझ्या नात्यातील लातूरकडच्या एका मुलीचे ठरलेले लग्न हातावरच्या रुपयाएवढ्या डागापायी मोडले. "महारोग आहे," म्हणाले. तिथे लेसरची गरज नव्हती, टाचणीचे टोक पुरले असते.

या यंत्राला मर्यादा आहेत. ते महाग आहे, आणि मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांपलीकडे त्याची नजर पोचत नाही. परंतु कोडावर उपचार लागू पडला की केसांच्या मुळांभोवती रंग परतू लागतो, आणि त्या परतलेल्या, फांद्या फुटल्यासारख्या पेशी कातडीला सुरी न लावता या चित्रात ओळखता येतात.