सॅमन गम : पाणी पिणारं झाड तोडलं तेव्हा

निलगिरीचा विषय निघाला की सभेतून एक वाक्य हमखास येतं : 'ते झाड जमिनीतलं सगळं पाणी पिऊन टाकतं.' बांधावरच्या निलगिरीबद्दलची आपल्या शेतकऱ्यांची ही तक्रार खोटी नाही. पण आज आपण या झाडाच्या माहेरी जाऊ या. तिथे हाच दुर्गुण जमीन राखत होता.

पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थच्या पूर्वेकडच्या कोरड्या रानात सॅमन गम नावाची निलगिरीची जात वाढते. तिथले मूळ रहिवासी नुंगार लोक तिला 'वुराक' म्हणतात. सरळ, गुळगुळीत खोड, वर छत्रीसारखा चकचकीत पानांचा घेर. जुनी राखाडी साल गळाली की आतून सॅमन माशाच्या मांसासारखा गुलाबी-नारिंगी रंग दिसतो, त्यावरून हे नाव. पाऊस म्हणाल तर आपल्या माणदेशाहूनही कमीच.

बाहेरून आलेल्या वसाहतवाल्यांनी एक ठोकताळा बसवला होता : जिथे सॅमन गम, तिथे गव्हाची चांगली जमीन. झालं, झाडाची साल गोलाकार सोलायची, ते उभं वाळवायचं, जाळायचं आणि गहू पेरायचा.

आता मिठाची गोष्ट. समुद्रावरून येणाऱ्या पावसात किंचित मीठ असतं. हजारो वर्षांत ते जमिनीत खोलवर साठलं होतं. खोल मुळांची झाडं बारमाही पाणी ओढायची, त्यामुळे भूजल आणि मीठ दोन्ही खालीच राहायचं. गहू मात्र हिवाळ्यापुरता, मुळं उथळ. उरलेलं पाणी खाली झिरपत गेलं, भूजलाची पातळी चढली, सोबत मीठही चढलं. वर पाण्याची वाफ झाली, पांढरा थर तेवढा उरला. जास्त पाणी दिलेल्या उसाच्या रानात क्षार फुटलेले आपणही पाहिलेत. इथे पाणी कुणी दिलंच नव्हतं, फक्त पिणारा गेला होता.

हे उशिरा कळलं, असंही नाही. डब्ल्यू. ई. वुड नावाच्या रेल्वे अभियंत्यांनी 1924 सालीच झाडतोड आणि खारेपणाचा संबंध लिहून ठेवला. रेल्वेला वाफेच्या इंजिनांसाठी गोडं पाणी लागायचं, म्हणून त्यांचं लक्ष तिकडे गेलं. तरी दुसऱ्या महायुद्धानंतर जंगलतोड उलट वाढलीच. हे आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं.

मग पुन्हा लावा की! लावतात. पण कार्नबीचा काळा काकाकुवा अंडी घालतो म्हाताऱ्या झाडांच्या ढोलीत, आणि तशी ढोली व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागतात. शेताच्या कडेला उरलेल्या जुन्या झाडांखाली मेंढ्या चरतात, त्या कोवळी रोपं टिकू देत नाहीत. म्हणून आता अशा झाडांच्या तुकड्यांना कुंपण घालतात. त्याहून पूर्वेला, जिथे पाऊस गव्हाला पुरत नाही, तिथे सुमारे 1 कोटी 60 लाख हेक्टर रान अजून उभं आहे. महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्तच.