हिंगोलीची छावणी आणि सालारजंगांचा जमाखर्च

इंग्रजी अमदानीतील मुसलमान उमरावांच्या दातृत्वाच्या कथा बहुधा मदरशांच्या आणि दवाखान्यांच्या कोनशिलांवर वाचावयास मिळतात. परंतु हैदराबादचे दिवाण मीर तुराब अली खान, अर्थात पहिले सर सालारजंग, यांनी मराठवाड्याच्या रयतेवर केलेला उपकार शोधावयाचा झाल्यास तो महसुली दफ्तरांतच शोधावा लागतो, आणि त्या शोधास हिंगोलीइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही.

कयाधूकाठच्या या गावी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज नावापुरती निजामाची. अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेन्सीचा, पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. तो वेळेवर पोचेना, इंग्रजांचे कर्ज तुंबत गेले, आणि अखेर २१ मे १८५३ च्या तहाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. हिंगोली निजामाकडे राहिली, परंतु उत्तरेस पैनगंगा ओलांडली की मुलूख परका झाला. तहानंतर आठवडाही लोटला नाही तोच दिवाण सिराज-उल-मुल्क वारले आणि त्यांच्या चोवीस वर्षांच्या पुतण्याकडे, म्हणजे सालारजंगांकडे, दिवाणगिरी आली.

त्यांच्या हाती आलेला कारभार कसा होता? तालुके मक्त्याने दिले जात. मक्तेदार सावकाराकडून रक्कम उचलून सरकारात अगाऊ भरी आणि मग ती व्याजासह, शिवाय आपला नफा धरून, कुणब्याच्या खळ्यावरून वसूल करी. ज्या अरब आणि रोहिला जमादारांचा पगार थकलेला असे, ते तर परगणाच अडकवून बसत. सालारजंगांनी थकलेल्या रकमा चुकवून असे तालुके एकेक करून सोडवले, मक्ते मोडले आणि तालुकदारांना खजिन्यातून रोख दरमहा वेतन बांधून दिले. १८६५ च्या जिल्हाबंदीने जिल्हे आणि तालुके यांची नवी व्यवस्था लागली. हिंगोली पुढे परभणी जिल्ह्याचा तालुका म्हणून नांदली. देशमुख-देशपांड्यांकडून वसुलीचे काम काढून घेतले, परंतु वतनाचा मान राखून त्यांना रुसूम, म्हणजे हक्काची रोख नेमणूक, लावून दिला. ही तडजोड मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा नमुना वाटते: जुने घर न पाडता आतली व्यवस्था तेवढी बदलावयाची. तिच्यामुळे गावोगावचा विरोध ओसरला हे खरे. पण वतनदारीचे जू रयतेच्या मानेवर पुढे बरीच वर्षे राहिले, हेही तितकेच खरे.

कोनशिलांवरचे दातृत्वही त्यांच्या नावावर आहेच: दारुल-उलूम, मदरसा-ए-आलिया, अलीगढच्या महाविद्यालयास दिलेले साहाय्य, ही त्यांची दाने सर्वश्रुत आहेत. मोहसिन-उल-मुल्क, चिराग अली, सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्यासारखी विद्वान मंडळी कारभारासाठी त्यांनीच उत्तरेतून आणविली.

१८५७ च्या उठावात त्यांनी इंग्रजांचा पक्ष धरला आणि तेव्हापासून त्यांच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवणारे थोडे नाहीत. त्या निष्ठेचे मोल काय मिळाले, हे पाहिले म्हणजे टीकाकारांचाही आवाज थोडा खाली यावा. १८६० च्या तहाने नळदुर्ग-धाराशिव आणि रायचूर दुआब परत आले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र तसेच राहिले. ज्याच्या व्याजात कंटिंजंटचा खर्च भागेल एवढे भांडवल रोख ठेवावयाची तयारी त्यांनी पुढे दर्शविली, आणि हिशेबाच्या दृष्टीने या प्रस्तावास उत्तर नव्हते. हिंगोलीसारख्या छावण्यांचा खर्च हेच वऱ्हाड ठेवून घेण्याचे कारण असेल, तर तो खर्च भागल्यावर कारण उरत नाही! १८७६ साली ते विलायतेस गेले. वाटेत पॅरिसमध्ये पडून मांडीचे हाड मोडले, तरी तशा अवस्थेत लंडन गाठले. तेथे नगरीचे सन्माननीय नागरिकत्व मिळाले, ऑक्सफर्डची पदवी मिळाली, मेजवान्या झाल्या. वऱ्हाडाच्या अर्जावर मात्र, अल्पवयीन निजाम सज्ञान होईपर्यंत विचार नाही, एवढेच उत्तर पुढे आले.

निजाम मीर महबूब अली खान सज्ञान होण्यापूर्वीच, ८ फेब्रुवारी १८८३ रोजी, पटकीने सालारजंगांचा अंत झाला. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या खंडावर वऱ्हाडाचा कायमचा पट्टा करून घेतला. पुढल्याच वर्षी कंटिंजंट हिंदुस्थानच्या फौजेत विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली.