दम देणारी बाटली

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगाच नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं आणि शस्त्रक्रियेसाठी माणसं लांबलांबून येऊ लागली. अशा गावाला भूल देण्याच्या यंत्राशेजारचा निळा सिलिंडर नवा नाही. त्यात नायट्रस ऑक्साइड असतो. हाच वायू अमेरिकेतले हौशी लोक जुन्या मोटारीच्या डिकीत बसवतात, तो मात्र इंजिनाला जागं करायला. मोटारीसाठीच्या वायूत थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो, म्हणजे कुणी तो नाकाला लावू नये.

बहुतेकांची समजूत अशी, की नायट्रस हे जळण आहे. तो स्वतः जळत नाही, जळायला मदत करतो. हवेत वजनाने 23 टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये 36 टक्के. इंजिनातल्या उष्णतेत तो फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय उणे 88 अंशांना उकळणारा हा द्रव बाहेर पडताना आत येणारी हवा गार करतो, आणि गार हवा दाट असते.

दाट हवेची किंमत साताऱ्याच्या ड्रायव्हरांना वेगळी सांगायला नको. वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वर गाठेपर्यंत हवा सहा-सात टक्के विरळ झालेली असते. जुन्या कार्बोरेटरला हे कळत नाही. विरळ हवेने गाडी आधीच ओढत नाही, त्यात तो पेट्रोल तुलनेने जास्तच सोडतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांची अडचणही विरळ हवेचीच होती, फक्त उंची काही हजार मीटरची. त्यांनी मेसरश्मिट 109 च्या काही विमानांत नायट्रसची टाकी बसवली. पण घाटासाठी हा उपाय कुचकामी आहे. साडेचार किलोची बाटली 50 अश्वशक्ती वाढवण्याच्या बेताने सोडली, तर चारेक मिनिटांत संपते. म्हणजे पसरणीच्या पहिल्या काही वळणांतच.

आता नायट्रस आणि संगणकवाला कार्बोरेटर यांचं जमतं का, ते पाहू. आपल्याकडे हा प्रकार फारसा रुळलाच नाही. मारुती 800 साध्या कार्बोरेटरवरून 2000 च्या सुमारास एकदम इंजेक्शनवर गेली. जनरल मोटर्सने मात्र 1981 पासून अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना तो लावला होता. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर सांगतो, मिश्रणात पेट्रोल कमी की जास्त. संगणक ते ऐकून कार्बोरेटरमधल्या सोलेनॉइडची सेकंदाला दहा वेळा उघडझाप करवतो. एका भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा, हे प्रमाण सांभाळायचं. तेव्हा नायट्रस घातला की हा हिशेबी कारकून गोंधळणार, अशी भीती मेकॅनिकांना वाटणं साहजिक आहे.

ती बरीचशी अनाठायी आहे. अॅक्सिलरेटर तळाला टेकला की संगणक सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि ठरलेलं जास्तीचं पेट्रोल देतो. नायट्रसही तेवढ्याच वेळापुरता सोडायचा असतो. कार्बोरेटरच्या दांडीपाशी बटण बसवून ते पूर्ण दाबलं गेल्यावरच वाल्व्ह उघडेल अशी सोय करतात. वायूबरोबरचं जादा पेट्रोल कार्बोरेटरमधून येतच नाही. त्याच्या बुडाशी बसवलेल्या पट्टीतून वायू आणि पेट्रोल दोन्ही फवारले जातात. संगणकाला पत्ताही लागत नाही. त्या पेट्रोलला जुना यांत्रिक पंप पुरला नाही, तर वेगळा विजेचा पंप जोडावा लागतो, आणि कंजूषपणा करायची जागा ही नव्हे.

खरा घोळ ठिणगीचा आहे. ऑक्सिजन वाढला की मिश्रण झपाट्याने जळतं, म्हणून दर 50 अश्वशक्तीमागे टायमिंग साधारण दोन अंश मागे घ्यायचं, असा ठोकताळा आहे. पण या गाड्यांत ठिणगीचा हिशेबही संगणकाकडेच. त्याला बाजूला ठेवण्यासाठी त्याची जोडणी सोडवून मगच डिस्ट्रिब्युटर फिरवायचा, नाहीतर आपण नेमकं किती मागे घेतलं हे कळणारच नाही.

आणि सांगलीचा उन्हाळा! नायट्रस 36.4 अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, बंद डिकीत त्याहून वर. बाटलीतला दाब चढतो आणि जेटमधून येणाऱ्या वायूचा हिशेब चुकतो. पेट्रोल मात्र तेवढंच. पेट्रोलाशिवायचा ऑक्सिजन पिस्टनला जाळतो, अगदी अक्षरशः: माथ्याचं अॅल्युमिनियम वितळून भोक पडतं. म्हणून जाणते लोक बाटलीवर दाबमापक लावतात आणि एका धावेनंतर प्लग काढून रंग बघतात. मला विचाराल तर 37 अश्वशक्तीच्या मारुतीत 50 ची भर घालणाऱ्याने प्लग बघण्याआधी गिअरबॉक्सला नमस्कार करावा.

रस्त्यावर मात्र या हौसेला जागा नाही. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितलं. पेट्रोलच्या गाडीला एलपीजी किट लावायची वाट कायद्यात आहे. आरटीओत जाऊन आरसी बुकात तशी नोंद करून घेता येते. नायट्रससाठी तसा रकाना नाही.