बूट होताना कोसळणारे कर्नेल

कर्नेल म्हणजे हार्डवेअरशी थेट व्यवहार करणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. जुन्या प्रोसेसरवर लिनक्सचे नवे कर्नेल सुरू होतानाच कोसळते, तेव्हा पडद्यावर शेवटी उरणारी ‘कर्नेल पॅनिक’ ही ओळ पुढे जाणे अशक्य झाले एवढेच सांगते, आणि कारण त्या ओळीच्या वर, बहुधा पडद्यावरून सरकून गेलेल्या मजकुरात असते. जुन्या यंत्रांना सहसा सिरियल पोर्ट असतो, ही मोठीच सोय. बूटलोडरमधून ‘अर्लीप्रिंटके’ हा पर्याय दिला की आरंभीच्या ओळीही केबलवाटे दुसऱ्या संगणकावर उतरवून घेता येतात. एसीपीआय (वीज व हार्डवेअर-व्यवस्थापन) किंवा एपिक (इंटरप्ट-नियंत्रक) बंद करण्याचे पर्याय अंदाजाने देत राहण्याची रीत सर्रास आढळते, पण तिने यंत्र सुरू झाले तरी दोष अज्ञातच राहतो.

कर्नेलने नकार देणे वेगळे आणि त्याने कोसळणे वेगळे. पेंटियम एम मालिकेतील सुरुवातीच्या काही प्रोसेसरांत ४ जीबीपलीकडील मेमरी हाताळणारी पीएई सुविधा असूनही ते ती जाहीर करत नाहीत, त्यामुळे पीएईची गरज असलेले कर्नेल ती नसल्याचे स्पष्ट सांगून थांबते. ‘फोर्सपीएई’ हा पर्याय दिला की तेच यंत्र चालू होऊ शकते.

प्रत्यक्ष कोसळताना अनेकदा ‘इनव्हॅलिड ऑपकोड’ हे शब्द दिसतात. प्रोसेसरला न उमगणारी सूचना समोर आली की तो चालू काम थांबवून ६ क्रमांकाचा अपवाद उठवतो, आणि कर्नेल ‘कोड’ या शब्दापुढे त्या जागेच्या आसपासचे बाइट छापते. त्यांपैकी ज्यापाशी काम अडले तो बाइट कोनी कंसात असतो. येथे घाईने प्रोसेसरला दोष देणे चुकीचे ठरते, कारण ते बाइट ‘०एफ ०बी’ असतील तर ती कर्नेलच्या लेखकांनीच, अशक्य मानलेली स्थिती उद्भवल्यास थांबता यावे म्हणून, मुद्दाम पेरलेली अवैध सूचना असते. याउलट ‘०एफ १एफ’ असल्यास ती लांब नॉप, म्हणजे काहीही न करता केवळ जागा भरणारी सूचना, आणि ती न जाणणारे प्रोसेसर खरोखरच जुने असतात.

एएमडीचा जिओड एलएक्स त्यांपैकीच एक. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ उपक्रमाच्या ज्या लॅपटॉपवर २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात येथील मुले शिकू लागली, त्यांत हाच प्रोसेसर होता. डेबियन या लिनक्स वितरणाच्या २०२३ मधील १२व्या आवृत्तीने लांब नॉप अनिवार्य केल्यामुळे अशा यंत्रावर कर्नेल नीट उभे राहिले तरी ‘इनिट’ हा पहिला प्रोग्राम मरू शकतो. मग पॅनिकच्या ओळीतील एक्झिटकोड ४ असतो, कारण अवैध सूचनेच्या सिग्नलचा क्रमांकच ४ आहे. अशा वेळी कर्नेल बदलून काहीही साधत नाही. त्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलेल्या लायब्ररी आणि प्रोग्राम लागतात.

दोष कर्नेलच्याच एखाद्या नव्या बदलात असेल, तर ‘गिट बायसेक्ट’ने चालणारी आणि न चालणारी आवृत्ती यांच्यातील बदल निम्मे-निम्मे करत शोधावे लागतात, १४,००० बदलांत गुन्हेगार सापडायला सुमारे १४ फेऱ्या पुरतात. प्रत्येक फेरीचे कर्नेल वेगवान संगणकावर बांधून फक्त बूट करण्यापुरते जुन्या यंत्रावर न्यावे, आणि सापडलेला बदल कर्नेलच्या विकासकांना अवश्य कळवावा, कारण तो प्रोसेसर त्यांच्यापैकी कोणाकडेही नसण्याचीच शक्यता अधिक असते.