अणूंची मोजदाद

धान्याचा व्यापारी दाणे मोजीत बसत नाही. तो ते तोलतो. रसायनशास्त्रज्ञही हीच युक्ती योजतात. कार्बन व ऑक्सिजन यांच्या अणूंची वजने १२ व १६ या प्रमाणात असतात. म्हणून १२ ग्रॅम कार्बनमध्ये जितके अणू, तितकेच १६ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये असतात. एवढ्या अणूंच्या समूहास एक ‘मोल’ म्हणतात. ही संख्या सुमारे ६०२२ वर २० शून्ये इतकी प्रचंड आहे! इटलीचे शास्त्रज्ञ अ‍ॅव्होगाड्रो यांचे नाव तिला दिलेले आहे.

आता पेटलेली शेगडी पाहा. कोळसा पूर्णपणे जळताना कार्बनचा एक अणू ऑक्सिजनच्या दोन अणूंशी संयोग पावतो. म्हणजेच १२ ग्रॅम कार्बनास ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. परंतु हवा अपुरी पडली, तर कार्बनच्या काही अणूंच्या वाट्यास ऑक्सिजनचा एकेकच अणू येतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्यास ना रंग, ना वास! म्हणून, मुलांनो, बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून कधीही निजू नये. वहीतील हिशेब चुकला, तर तो पुन्हा मांडता येतो. येथे मात्र ऑक्सिजनची उणीव प्राणांवर बेतते.