गाठीचा कडकपणा

माझ्या मावशीने छातीतली गाठ आठ महिने कुणाला दाखवली नाही. पुढे डॉक्टरांनी सुईने तुकडा काढून तपासायला सांगितले, तर घरातल्या थोरांनी ते होऊ दिले नाही. ‘सुई लागली की आजार पसरतो’ असे त्यांनी ऐकले होते. त्यात आणखी पाच महिने गेले. आधी बोराएवढी वाटणारी गाठ “आता खड्यासारखी लागते रे,” असे मावशी म्हणायची. तिला जाऊन एकोणीस वर्षे झाली.

मी तेव्हा लेथवर काम करत होतो. शिक्षण बारावीपर्यंतचे. पण गाठ कडक का होते आणि सुईने आजार खरेच पसरतो का, हे दोन प्रश्न डोक्यातून जाईनात. संध्याकाळी शब्दकोश शेजारी ठेवून शोधनिबंध वाचू लागलो. दोन्ही उत्तरांचा माग एकाच विषयात लागला. पेशींवर पडणारे ताण आणि दाब कर्करोगाचे काय करतात, हा तो विषय.

सुरुवात जुनी आहे. १८८९ साली लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. आजार सगळ्या अवयवांत सारखा पसरत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. बी चहूकडे पडते, पण रुजते मानवेल त्या जमिनीतच, असे त्यांनी मांडले. १९२८ साली अमेरिकेतील जेम्स यूइंग यांनी वेगळा मुद्दा काढला : रक्ताचा प्रवाह पेशींना जिथे नेतो, तिथे आजार जातो. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते. मात्र ‘जमीन’ म्हणजे तिच्यातली रसायने, असेच पुढे बराच काळ धरले गेले. जमीन भुसभुशीत आहे की टणक, हा प्रश्न मागे राहिला.

पेशी म्हणजे पाण्याची पिशवी नव्हे. तिच्या आत तंतूंचा सांगाडा असतो. बाहेरच्या कोलॅजेनच्या जाळ्याला ती धरून असते आणि ते सतत ओढून पाहते. जाळे सैल असेल तर ती शांत राहते. ते हलेना झाले की ती अधिक जोर लावते. २००५ साली व्हॅलरी वीव्हर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्तनातील ऊती मोजल्या. निरोगी ऊतीचा ताठपणा सुमारे १७० पास्कल भरला, गाठीचा सुमारे ४,००० पास्कल. (पोलादाचा हाच आकडा २०० अब्जांच्या घरात जातो, म्हणजे या दोन्ही वस्तू माझ्या हिशेबाने लोण्यासारख्याच.) पण पेशीला हा फरक कळतो. स्तनाच्या निरोगी पेशी मऊ जेलमध्ये वाढवल्या, तेव्हा त्यांनी आतून पोकळ, नेटके गोल रचले. ताठ जेलमध्ये तीच रचना बिघडली, पोकळी राहिली नाही, वाढ बेशिस्त झाली.

मग कडकपणा हा आजाराचा परिणाम की कारण? २००९ साली त्याच गटाने उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लायसिल ऑक्सिडेज नावाचे विकर कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांशी टाके घालते. ते रोखले, तेव्हा ऊती कमी ताठरली आणि गाठींची वाढही मंदावली. म्हणजे हे चक्र आहे. पेशी ओढते, धागे ताठ होतात, ताठ धाग्यांमुळे पेशी आणखी ओढते. गाठीच्या कडेचे धागे ताणून सरळ झाले, की बाहेर पडणाऱ्या पेशींना त्यांचीच वाट होते.

पण ही वाट सोपी नसते. पेशीचा बाकीचा भाग कशाही फटीतून जातो, केंद्रक मात्र मोठे आणि ताठ. २०१६ साली पॅरिस आणि अमेरिकेतील दोन गटांनी दाखवले, की अरुंद फटीतून जाताना केंद्रकाचे आवरण फाटते, डीएनएला इजा होते आणि पेशी ते आवरण पुन्हा सांधते. पुढे रक्तात प्रवाहाचे घर्षण सोसावे लागते. १९७० साली आयझाया फिडलर यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या कर्कपेशी उंदरांच्या शिरेत सोडल्या. गाठ धरण्यापर्यंत टिकल्या त्या शेकडा एकाहूनही कमी. जागा सोडलेली बहुतेक प्रत्येक पेशी मरते.

गेल्या वर्षी भाचीला गाठ लागली. “मामा, सुई घेतली तर पसरणार नाही ना?” तिने विचारले. मी तिला जे सांगितले, तेच इथे लिहितो. सुईच्या मार्गात काही पेशी सरकतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले आहे. परंतु स्तनाच्या गाठींत तपासणी आणि शस्त्रक्रिया यांमध्ये जितके दिवस जास्त, तितक्या त्या कमी सापडतात. म्हणजे त्या बहुधा तिथेच मरतात. हाडाच्या गाठीसारख्या काही आजारांत सुई कुठून घालायची हे शल्यविशारद आधीच ठरवतात, म्हणजे पुढे तो मार्गही काढून टाकता येतो. ती काळजी डॉक्टरांनी घ्यायची असते. त्या धास्तीने तपासणीच टाळली, तर गाठ कोणत्या जातीची आणि तिला औषध कोणते, हे कुणाला सांगता येणार नाही. सुई टाळल्याने गाठ थांबून राहत नाही. वर सांगितलेले चक्र आत चालूच राहते.

आणखी एक गोष्ट सांगितली. हाताला कडक लागते म्हणून कर्करोगच, किंवा मऊ लागते म्हणून निर्धास्त, असे समजू नकोस. बोटांना कळतो तो कडकपणा आणि पेशीला जाणवतो तो ताठपणा, यांत अंतर आहे. निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

त्याच आठवड्यात तिने तपासणी करून घेतली. गाठ साधी निघाली. अहवालाची प्रत तिने मला आणून दिली, ती मी मावशीच्या जुन्या कागदांच्या फायलीत लावली आहे. त्या फायलीत असा अहवाल आजवर नव्हता.