पोस्टिंगवरचे अकरा जण
छावणीतले खेळ : लेखांक 7

गेल्या आठवड्यात आपण थांबलो ते नगरच्या छावणीत घोडी जाऊन रणगाडे आले तिथं. पोलोचे दिवस संपत आले आणि साध्या शिपायाच्या वाट्याला जो खेळ उरला तो फुटबॉल. त्याला तबेला लागत नाही, मोतद्दार लागत नाही. एक चेंडू आणि बावीस माणसं जमली की झालं. पण दुसऱ्या महायुद्धात नेमकी माणसंच जमेनाशी झाली.

युद्धकाळातला छावणीचा फुटबॉल समजून घ्यायचा तर मुंबईच्या रोव्हर्स कपाच्या विजेत्यांची यादी हाताशी घ्यावी. ती सुरू होते 1891 पासून. पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने नेला आणि पुढची पंचेचाळीस वर्षं तो गोऱ्या सैनिकांच्याच घरात फिरत राहिला. 1923 मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत गेला, तिथं डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्याला 4-1 असं परत पाठवलं. ही मक्तेदारी मोडली 1937 मध्ये, बंगलोर मुस्लिम्स या संघानं. पुढच्याच वर्षी त्यांनी कप पुन्हा जिंकला. 1940 मध्ये कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने अंतिम सामन्यात त्याच बंगलोर मुस्लिम्सना 1-0 असं हरवलं आणि डिसेंबरात दिल्लीला जाऊन ड्युरँड कपही उचलला, तोही रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटला 2-1 असं नमवून.

ड्युरँड ही लष्कराची स्वतःची स्पर्धा. युद्ध तापताच लष्करानं ती गुंडाळून ठेवली, ती थेट 1950 मध्ये परत सुरू झाली. रोव्हर्स मात्र चालू राहिली. पुढची नावं ओळीनं वाचा: 1941 वेल्च रेजिमेंट, 1942 बाटा स्पोर्ट्स क्लब, 1943 रॉयल एअर फोर्स, 1944 ब्रिटिश बेस रीइन्फोर्समेंट कॅम्प, 1945 मिलिटरी पोलीस, 1946 पुन्हा रीइन्फोर्समेंट कॅम्प.

1941 नंतर या यादीत पायदळाची पलटण नाही. जिंकतंय कोण, तर जोड्यांचा कारखाना, हवाई दल, पोलीस आणि चक्क एक कॅम्प. मला ही सहा नावं म्हणजे युद्धाचा नकाशाच वाटतो.

मार्च 1942 मध्ये रंगून पडलं आणि लढाई हिंदुस्थानच्या दारात आली. पाठोपाठ ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा लढा. तो दडपायला सरकारला पन्नासहून अधिक बटालियन देशात गुंतवाव्या लागल्या. उरलेल्यांतल्या बऱ्याच पलटणी आसामकडे. अशा वर्षी कप बाटासारख्या जोड्यांच्या कारखान्याच्या संघानं न्यावा यात नवल नाही, कारखान्याच्या माणसाला ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर कोण धाडणार? त्यातही गंमत अशी की तेव्हाचे आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्येही फ्रान्सविरुद्ध आपले बरेच जण बिनबुटाचेच उतरले होते.

शांततेच्या काळात पलटणीचा संघ म्हणजे एक कुटुंब असे. तीच माणसं चार-पाच वर्षं एका ठाण्यात राहत, कंपनी-कंपनीच्या सामन्यांतून पोरं वर येत, उजव्या बगलेवरच्या गड्याला डोळे मिटून ठाऊक असे की मधला कुठं धावणार. युद्धानं ही घडी मोडली. आता खेळ उरला तो 'बेस'वर. म्हणजे आघाडीच्या मागं असलेली प्रशिक्षण केंद्रं, भांडारं, वर्कशॉप, इस्पितळं आणि भरतीची माणसं पुढं पाठवणारे कॅम्प.

नगर हे यातलं पहिल्या जातीचं ठाणं. इथं रणगाडे नि चिलखती गाड्या चालवायला शिकवत. आजचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल 1948 मध्ये उभं राहिलं ते याच शिकवणीच्या संस्था एकत्र करून. शाळेच्या ठाण्याला संघ बांधायला एक सोय असते. शिकणारे कोर्स संपला की जातात, पण उस्ताद राहतात. उस्ताद, कारकून, स्टोअरकीपर, स्वयंपाकी, मेकॅनिक ही मंडळी संघाचा कणा, आणि प्रत्येक नव्या कोर्समधून दोन-तीन चांगले पाय मिळाले की हंगाम निघाला. मिळालेला पोरगा मात्र उपांत्य सामन्याआधी जाणार हे धरूनच चालायचं.

रीइन्फोर्समेंट कॅम्पचं काम याहून अवघड. बोटीतून मुंबईला उतरलेले गोरे शिपाई अशा कॅम्पात आणून ठेवायचे आणि जिथं माणूस कमी पडेल तिथं पाठवायचे. आज आलेला परवा रेल्वेत. एसटी स्टँडवरच्या गर्दीतून संघ निवडण्यासारखंच हे. अशा कॅम्पनं तीन वर्षांत दोनदा रोव्हर्स जिंकावी, याचं माझ्या मते कारण त्या गर्दीतच आहे. इंग्लंडातून कुमक म्हणून येणारे शिपाई या चाळणीतून जात होते. हजारांतून अकरा निवडायचे तर एखादा क्लबचा गडी सापडणारच. आणि चांगला गडी सापडल्यावर त्याची बदली चार आठवडे लांबवणारा साहेब कुठल्या लष्करात नसतो?

नेमणुकीचा असा फायदा विलायतेतही घेतला गेला. सप्टेंबर 1939 मध्ये इंग्लंडची लीग बंद पडली आणि व्यावसायिक खेळाडू नेमणुकीच्या जवळ जो क्लब असेल त्याच्याकडून पाहुणे म्हणून खेळू लागले. अनेकांना लष्करानं पीटी उस्ताद केलं होतं. त्यांचं मुख्य ठाणं ऑल्डरशॉटला. परिणाम असा की ऑल्डरशॉट या तिसऱ्या डिव्हिजनच्या किरकोळ क्लबाकडून ब्रिटन, कलिस आणि मर्सर, म्हणजे इंग्लंडची अख्खी हाफबॅक फळी खेळून गेली.

आपल्याकडं याचं ठळक उदाहरण डेनिस कॉम्प्टन. आर्सेनलचा विंगर, नेमणूक महूच्या छावणीत. मराठी वाचकाला तो आठवतो तो मात्र क्रिकेटमुळं. 1944-45 च्या रणजी अंतिम सामन्यात तो ज्याच्याकडून खेळला त्या होळकर संघाला 867 धावांचं अशक्य लक्ष्य होतं, आणि ब्रेबॉर्नवर हा गडी नाबाद 249 करून उभा राहिला. होळकर हरले, मुंबई 374 धावांनी जिंकली.

आता जरा मैदानाकडं. तेव्हाचा चेंडू म्हणजे चामड्याच्या पट्ट्या शिवलेलं कवच, आत रबरी ब्लॅडर, आणि तोंड बुटासारखं नाडीनं आवळलेलं. कोरडा असताना वजन नियमानं 14 ते 16 औंस. मुंबईत फुटबॉल पावसाळ्याचा खेळ, तिथं चामडं पाणी पिऊन चांगलंच जड व्हायचं आणि हेडर मारताना नाडीची गाठ कपाळावर बसली की वळ उठायचा. नगर पर्जन्यछायेतलं. इथं चिखल कमी, मुरूम जास्त. चेंडू टणाटण उसळतो, पडलं की गुडघा सोलतो. मुरमावर सराव केलेल्या संघाला मुंबईच्या राड्यात पहिली वीस मिनिटं पायच उचलत नसणार. त्यात प्रवास: नगरहून दौंड, दौंडहून पुणे, मग बोरघाट उतरून मुंबई, आणि तोही लष्करी गाड्यांना आधी वाट देत.

एक गोष्ट नगरकरानं विसरू नये. ऑगस्ट 1942 पासून भुईकोट किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण कोंडलेले होते. एप्रिल ते सप्टेंबर 1944 मध्ये नेहरू तिथं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहीत होते. त्याच वर्षी इम्फाळ-कोहिमाच्या लढाईत माणसं कमी पडत होती, ती पुरवणं हे रीइन्फोर्समेंट कॅम्पांचं काम होतं, आणि त्याच वर्षी त्यातल्या एकानं मुंबईत कप उंचावला. छावणीच्या फुटबॉलला नुसती करमणूक म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. शिपाई दारू आणि घरच्या आठवणी यांपासून दूर राहावा यासाठी लष्करानं तो हिशेबानं चालवला होता.

1946 चा कप या हिशेबात बसत नाही. युद्ध संपून वर्ष झालेलं. जानेवारीत रॉयल एअर फोर्सच्या गोऱ्या शिपायांनीच घरी पाठवत नाहीत म्हणून काम बंद पाडलेलं, फेब्रुवारीत मुंबईत आपल्या नौसैनिकांचं बंड झालेलं. कुमक पाठवायची तर आता कुणाला? तरी कप रीइन्फोर्समेंट कॅम्पकडेच. मायदेशी जायच्या बोटीत जागा मिळेपर्यंत त्यांच्याकडं वेळच वेळ होता. चार वर्षांनी, 1950 मध्ये, रोव्हर्स हैदराबाद पोलिसांनी घेतली आणि सलग पाच वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. पोलीस काही बोटीनं जाणारे नव्हते.

(पुढच्या आठवड्यात : छावणीची हॉकी)